मेस्त्रींच्या इंजिनाला जावयाचं इथेनॉल

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलेल्या जावयानं काय करावं, हे काय मी सांगायला पाहिजे? पाटावर बसावं, ओवाळून घ्यावं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खावेत, नको नको म्हणत आणखी एक वाढून घ्यावा आणि दुपारी गादीवर आडवं व्हावं. आमच्या जावयांनी पायावर पाणी घेतलं न घेतलं, आणि शिरले गाडीच्या शेडमध्ये. मी पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि ह्यांचं डोकं बोनेटात.

"जावईबापू, पोहे निवतात."

"हो मामी, आलोच."

जावई मला मामी म्हणायचे, आमच्या भागात तशीच रीत. आलोच म्हणाले आणि आले नाहीत. शेवटी ते पोहे मी कोंबड्यांना घातले, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं घातले.

तोंड उघडून बोलायची मात्र सोय नव्हती. अधिक महिना तीन वर्षांतनं एकदा येतो. त्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला दुखवायचं नाही, कामाला लावायचं नाही. माझी जीभ सगळ्या उद्यमनगरला ठाऊक. फौंड्रीवाले, लेथवाले, वसुलीला येणारे, सगळे बिचकून असायचे. त्या जिभेला मी आवर घालून बसले होते.

आणि बोलायचं तर पुष्कळ होतं. वैजू, माझी धाकटी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत बॅग घेऊन माहेरी आली होती. निम्मा पावसाळा सरला तरी परत जायचं नाव काढत नव्हती. हे चार दिवस संपले की ती नवऱ्याबरोबर जाणार, का कायमची माझ्याकडं राहणार, एवढं ठरायचं होतं. ठरवणार मी. धोंडा हे बोलावण्याचं निमित्त.

जावयांचं नाव संग्राम, पण आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. स्थळ आलं तेव्हा माझ्या जावेनं विचारलं होतं, "दारू गाळतो व्हय गं?" मी म्हटलं, "गाळतो, पीत न्हाई. तुझ्या नवऱ्याचं उलटं हाय." पुढं चौकशी केली नाही तिनं.

शेडमध्ये होती ती मेस्त्रींची फियाट. मेस्त्री म्हणजे माझे मालक. तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं होत आली होती. लोकांची इंजिनं करता करता त्यांनी आपल्या गाडीचं इंजिन मनासारखं केलं होतं. हेड घासून घासून उतरवलं, पिस्टन स्वतः ओतले, त्यांची डोकी फुगीर ठेवली. म्हणायचे, "दुसऱ्याचं इंजिन हवा दाबतं, माझं आवळतं." जोतिबाचा डोंगर ती गाडी खालचा गिअर न टाकता चढायची. मेस्त्री होते तोवर कुठनं कुठनं भारी पेट्रोल आणून घालत. ते गेले आणि साध्या पेट्रोलवर गाडीची तऱ्हा बिघडली. जरा चढ लागला की आत कुणीतरी खिळे ठोकतंय असा आवाज. दिनकर, माझा थोरला, त्याला नॉकिंग म्हणतो.

पहिल्या दिवशी जेवताना त्यानं विषय काढला.

"आई, आता माझं ऐक. आबांचे पिस्टन काढतो आणि साधे घालतो. हेडखाली जाड गॅस्केट सरकवतो. कॉम्प्रेशन उतरलं की गप चालंल बघ."

"बाप काय खुळा होता तुझा?"

"आबा शहाणेच होते. पेट्रोल तसलं राहिलं न्हाई. किती दिवस ठोकत ठेवायचं? एक दिवस पिस्टनला भोक पडंल."

हे तो मला दर महिन्याला सांगायचा आणि मी दर महिन्याला नाही म्हणायचे. त्या इंजिनातनं मेस्त्रींचे पिस्टन काढले की मेस्त्रींचं राहिलं काय? नुसता पत्रा. पण या खेपेला मला नाही म्हणवेना. आवाज मीही ऐकत होते.

जावयांनी मान वर न करता म्हटलं, "पिस्टन कशाला काढायचे? इंधन बदलूया की."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. एवढं लांब वाक्य त्यांनी आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं असेल.

"इथेनॉल," ते ताटालाच सांगत होते. "साधं पेट्रोल एवढं दाबलं की वेळेआधीच पेटतं, म्हणून ठोका येतो. इथेनॉल दम धरतं. मेस्त्रींनी जेवढा दाब ठेवलाय तेवढा त्याला सोसतो. पेट्रोल त्यात थोडंच ठेवायचं, सकाळी चालू होण्यापुरतं."

"म्हणजे दारूवर चालवायची गाडी?" मी विचारलं.

"दारूच ती, पण पिण्याजोगी ठेवलेली नसते. गाडी मात्र जास्त पिईल मामी, तेवढं आहे. कार्बोरेटरचे जेट मोठे करावे लागतील, रबरी नळ्या बदलाव्या लागतील."

वैजू वाढत होती. आल्यापासून नवऱ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. वरणाच्या पातेल्यात पळी थांबली.

"जेट किती मोठे?" तिनं विचारलं. वरणाला विचारावं तसं विचारलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी टाकून जावई गेले आणि दुपारी हायवेच्या कुठल्याशा पंपावरनं कॅन भरून आले. मग शेडमध्ये जावई, वैजू आणि दिनकर, तिघांचं बिऱ्हाड थाटलं. वैजू बापाच्या हाताखाली वाढलेली. जेट म्हणजे इंजिनाला इंधन सोडणारा पितळेचा एवढासा मणी, त्याचं भोक केसाकेसानं वाढवायचं. मेस्त्रींचे बारीक ड्रिल तिनंच पेटीतनं शोधून काढले आणि हातातल्या चकाच्या पकडीत धरून फिरवत बसली. जावई भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून जरासं." ती फिरवायची. "बास." ती थांबायची. बोलणं काय ते एवढंच. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, भांडण होईल म्हणून. झालं नाही. मला त्याचाच राग आला. जो माणूस पितळेच्या मण्याची एवढी काळजी घेतो, त्याला बायकोच्या वेळेला काय झालं होतं?

रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी वैजूला म्हटलं, "खरं सांग. हात उचलला होता काय त्यांनी?"

"न्हाई गं."

"शिव्या?"

"त्यांना येतच न्हाईत."

"मग?"

ती तव्याकडं बघत बोलायला लागली. "त्या दिवशी घरात पाहुणे होते. सकाळपासनं सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला. पंगत बसली आणि सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'मेस्त्र्याची लेक ही. हिच्या हातात पान्हा शोभतो, पळी नव्हे.' मी म्हटलं, 'या घरात पळी माझ्याशिवाय कुणाच्या हातात मी तरी बघितली न्हाई.'"

"बरं केलंस."

"त्या म्हणाल्या, माफी माग. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटावरनं उठले, हात धुतले आणि ड्यूटीला गेले. दरवेळी असंच करतात आई. त्यांच्या आईनं तोंड उघडलं की ह्यांचे पाय दाराकडं. मी काय भिंतीशी संसार करू?"

भाकरी करपली. मी ती उलटली नाही. "तुला धाडत न्हाई मी," म्हटलं. "धोंडा उरकूदे, सांगते त्यांना."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरनं काढली.

तिसऱ्या दिवशी गाडी चालू झाली. सकाळच्या गारठ्यात आधी रुसली, चोक ओढून ओढून दिनकरचा हात दुखला, पण एकदा धरलं तसं धरलं. गल्लीत दोन चकरा मारून झाल्या. जावई म्हणाले, "चढ पाहिजे." म्हणून आम्ही जोतिबाच्या वाटेला लागलो. वैजू चालवत होती, शेजारी जावई, मागं मी आणि दिनकर.

डोंगर सुरू झाला. मी कान देऊन बसले होते. कुठल्याही क्षणी खिळे ठोकायला सुरुवात होणार म्हणून पुढच्या सीटची कड धरली होती. पहिलं वळण गेलं. वैजूनं गिअर टाकला नाही. नुसता पाय दाबला आणि गाडीनं छाती काढली.

"ठोकतंय काय गं?" मी ओरडून विचारलं.

"ऐक की तूच!"

ऐकलं. ठोकत नव्हतं. मेस्त्री गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता, भरल्या पोटाच्या माणसानं घुमून बोलावं तसला. मी पदराचा बोळा करून तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत बसले. शेजारी दिनकर होता, आणि रडताना मला कुणी बघितलेलं चालत नाही.

देऊळ दोन वळणांवर राहिलं असेल, आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. हिसके दिले आणि बंद पडली. वैजूनं कडेला घेतली, दिनकरनं चाकाला दगड लावले. बोनेट उघडलं, जेट काढले, तर भोकं बुजलेली. आत काकवीसारखं तपकिरी, चिकट काहीतरी बसलं होतं.

दिनकरचं डोकं फिरलं. "सांगत होतो मी! साधे पिस्टन घातले असते तर आत्ता देवाच्या दारात असतो. आणि हिला कुणी सांगितलं होतं जेटला भोक पाडायला? तुझे हात आणि तुझी जीभ, वैजे, दोन्ही नको तिथं चालतात. म्हणून तर येऊन बसलीयस घरात!"

वैजूचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

जावयांनी फडक्याला हात पुसले, फडकं बोनेटवर ठेवलं आणि रस्त्यानं वर चालू लागले.

गेले. पोरीनं सांगितलं होतं तस्सेच गेले. वैजूनं मान खाली घातली. मी दार उघडून उतरले. म्हटलं, महिना गेला खड्ड्यात, आता या माणसाला सोलून काढते.

वळणापाशी जाऊन ते थांबले. आमच्याकडं पाठ करून बराच वेळ उभे राहिले. आणि माघारी आले.

"दादा," दिनकरला म्हणाले, "जेट बरोबर आहेत. वैजूनं पाडलेलं भोक मी भिंगाखाली बघितलंय, त्यात खोट नाही. चूक माझी आहे." मग माझ्याकडं वळले. "मामी, मेस्त्री सांधे कशानं बंद करायचे?"

"कशानं म्हणजे? चपड्यानं."

त्यांनी जेटमधलं ते चिकट बोटावर घेतलं आणि हुंगलं.

मेस्त्रींनी दुकानातला गोंद कधी इंजिनाला लावला नाही. सुताराच्या पोटी जन्मलेला माणूस. फर्निचरला पॉलिश करायचा चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचे आणि तोच पंपाला, कार्बोरेटरला, जिथं सांधा दिसेल तिथं फासायचे. ती बाटली माझ्या फडताळात तिखटामिठाशेजारी असायची. उद्यमनगरात दुसरा कुणी असलं करत नसे.

"स्पिरिट म्हणजेच इथेनॉल," जावई म्हणाले. "सगळा चपडा विरघळून जेटमध्ये आलाय. हे शिकण्यात माझी निम्मी उमर गेली, आणि गाडी उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. आणखी कुठं कुठं लावायचे ते?"

"कुठं लावत नव्हते ते विचारा. उत्तर लवकर संपंल."

वैजू हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. नवऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "आज माघारी आलासा."

"गाडीचं सोपं असतं."

"का?"

"गाडीला आई नसते."

वैजूचं हसू तिथंच थांबलं. माणूस खरं बोलला होता, एवढं मी मानलं. पण त्या बोलण्यानं माझा निकाल ठरला, आणि तो काही त्यांच्या बाजूनं नव्हता.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला घरी आणलं. उरलेला दिवस गाडी सुटी करण्यात गेला. सांधा दिसला की जावई हाक मारायचे, "मामी, इथं काय होतं?" मी सांगायचे. ते खरवडायचे, वैजू नवीन वॉशर कापून द्यायची. दिनकर धुसफुसत का होईना, पण बोल्ट काढून देत होता.

चौथ्या दिवशी धोंड्याचं जेवण झालं. मी दोघांना पाटावर बसवून ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं, जावयांना नवा पांढरा सदरा दिला. वैजूची बॅग भरलेली नव्हती. ते त्यांनी बघितलं होतं, आणि त्यांनी बघितलंय हे मीही बघितलं होतं. पान खाऊन झालं की बोलायचं असं मी ठरवलं. पान लावून बाहेर आले तर पाट रिकामा.

पेट्रोलच्या टाकीच्या बुडाला एक जुनी चीर होती. मेस्त्रींनी त्यावर चपड्यात भिजवलेलं कापड चिकटवलं होतं. तेही सुटून आलं होतं. टाकी रिकामी करून, धुऊन, जावई नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली जाऊन उताणे पडले होते. दोन ट्यूबांमधला गोंद मिसळून त्यांनी चिरेवर पत्र्याचं ठिगळ बसवलं होतं आणि ते दोन्ही हातांनी वर दाबून धरलं होतं. मला दिसत होते फक्त त्यांचे पाय. वैजू फडकं घेऊन चाकाशी बसली होती.

"किती वेळ धरायचं?" मी पायरीवरनं विचारलं.

"घट्ट होईस्तोवर मामी. मध्ये हललं तर सगळं वाया."

एवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला.

"कोण आहे बघ गं," ते म्हणाले.

वैजूनं वाकून खिशातनं फोन काढला. बघितला. "आई आहेत तुमच्या."

वाजत राहिला. मग गाडीखालनं आवाज आला, "उचल. स्पीकर लाव."

तिनं बटण दाबून फोन त्यांच्या डोक्याशी जमिनीवर ठेवला.

"संग्राम, निघालास का? आणि हे बघ, तिला आणणार असशील तर आधी तिच्याकडनं कबूल करून घे. चार माणसांत मला उलटं बोलली, त्याची माफी मागितल्याशिवाय उंबरा चढू देणार नाही. तिच्या आईलाही सांग, म्हणावं, पोरीला जरा वळण लावून पाठवा."

माझ्या तोंडात तयार उत्तरं होती, एकापेक्षा एक. पण माझी नजर त्या पायांवर होती. फोनमधला आवाज सुरू झाला तसे ते हलले. टाचा जमिनीत रुतल्या, गुडघे वर आले. उठायची सवय ती, अंगाच्या आधी पायांना आली. वैजूही तेच बघत होती. आता ठिगळ सुटणार, हे मी धरूनच चालले.

गुडघे खाली गेले.

"आई, ती माफी मागणार नाही," जावई म्हणाले.

"काय म्हणालास?"

"त्या दिवशी सगळा स्वयंपाक तिनं एकटीनं केला होता. तू तिला पंगतीत बोललीस. ती जे बोलली त्यात खोटं काही नव्हतं. हे मी त्याच वेळेला म्हणायला पाहिजे होतं. मी हात धुऊन निघून गेलो."

"शिकवलं वाटतं तुला! सासूच्या पाटावर बसून बोलतोयस तू!"

"बसलो नाही आई. गाडीखाली पडलोय."

पलीकडनं फोन आपटल्याचा आवाज आला. वैजूनं फडकं तोंडावर घेतलं. हसत होती का रडत होती, मला पायरीवरनं कळलं नाही. दिनकर दारात येऊन उभा राहिला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला, "दाजी, धरलं का?"

"अजून नाही."

मग वैजू सरकत गाडीखाली गेली. चार हातांनी त्यांनी ते ठिगळ धरलं. आत दोघं काही बोलले असतील तर मी ऐकलं नाही, कारण मी उठून घरात गेले आणि भांडी वाजवत बसले.

जावई बाहेर आले तेव्हा नव्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं. मी पानाचं ताट घेऊन पुन्हा अंगणात आले, तसे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वैजू त्यांच्या मागं, केसांत माती. त्यांनी विचारलं, "मामी, वैजूला नेऊ का?"

मी पानाचं ताट खाली ठेवलं.

"जावईबापू, इतके दिवस आवरली, आता जीभ सोडते. आज बोललासा ते मला आवडलं, खोटं कशाला सांगू? पण तुमचे दोन्ही हात टाकीला अडकले होते. पळायला वाट नव्हती म्हणून बोललासा. आता एकटे घरी जावा. आईच्या समोर बसा, हात मोकळे ठेवा, दार सताड उघडं ठेवा, आणि हेच सगळं पुन्हा बोला. त्या रागावतील, रडतील, ताट सारतील. उठायचं न्हाई. त्यांच्याच शेजारी बसून जेवायचं. तेवढं जमलं की माघारी या. आणि आल्यावर हा प्रश्न मला विचारू नका. मी आज हो म्हणंन, उद्या न्हाई म्हणंन, माझ्या म्हणण्याला काय घेऊन बसलाय? जिला न्यायचंय ती मागं उभी हाय. तिला विचारा."